इसे येथील शिंतो देवस्थान : दर्शन आणि अधिकार

प्रस्तावना

जपानच्या मिए प्रांतातील इसे या नगरात शिंतो धर्मातील सर्वश्रेष्ठ मानले गेलेले देवस्थान आहे. त्याचे अधिकृत नाव केवळ 'जिन्गू' म्हणजे देवस्थान एवढेच आहे. स्थळनाम जोडण्याची गरज त्याला कधी वाटलेली नाही. या एका नावाखाली लहानमोठी १२५ देवालये येतात. त्यांतील मुख्य दोन. सम्राट घराण्याची आदिमाता मानली गेलेली सूर्यदेवता आमातेरासु हिचे 'नाइकू' म्हणजे आतले देवालय आणि अन्नधान्याची देवता तोयोउके हिचे 'गेकू' म्हणजे बाहेरचे देवालय. दोहोंमध्ये सुमारे सहा किलोमीटरचे अंतर आहे. आधी गेकू आणि मग नाइकू असा यात्रेचा प्रघात आहे.

नाइकूकडे जाणारा यात्रेकरू इसुझू नदीवरील सुमारे शंभर मीटर लांबीचा लाकडी उजी पूल ओलांडतो, पाण्याने हात व तोंड शुद्ध करतो, शेकडो वर्षांच्या सुगी वृक्षांमधून खडीच्या रस्त्याने चालत जातो आणि शेवटी काही दगडी पायऱ्या चढून एका दारापाशी येतो. त्या दारावर पांढरा पडदा सोडलेला असतो. दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या आणि पुन्हा एकदा नमस्कार केला की यात्रा पुरी होते. मुख्य देवालय त्या पडद्यापलीकडे, एकात एक अशा चार कुंपणांच्या आत आहे. बाहेरून दिसते ते छपराचे टोक आणि त्यावरील आडवे ओंडके. देवतेचे प्रतीक असलेला आरसा तर कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. मराठीत आपण ज्याला 'दर्शन' म्हणतो ते येथे घडत नाही. जपानी भाषेत या यात्रेसाठी 'माइरी' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ पाहणे असा नसून नम्रपणे जाणे असा आहे.

इसे विषयीचे बहुतेक लेखन दर वीस वर्षांनी होणाऱ्या नवनिर्मितीभोवती फिरते. दर वीस वर्षांनी पाडून पुन्हा बांधलेली वास्तू प्राचीन म्हणावी की नवी, हा प्रश्न अभ्यासकांना मोहात पाडणारा आहे आणि त्यावर पुष्कळ लिहूनही झाले आहे. त्या मानाने दुसरा एक प्रश्न मागे पडलेला दिसतो. या देवस्थानाच्या किती जवळ कोणी जावयाचे, हे वेगवेगळ्या काळी कोण ठरवीत आले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने इसेच्या यात्रेचा इतिहास तपासला आहे.

सम्राटापुरते देवस्थान

इ. स. ७२० मध्ये सिद्ध झालेल्या 'निहोन शोकी' या इतिहासग्रंथात नाइकूची स्थापना इतक्या प्राचीन काळी नेऊन ठेवली आहे की ती परंपरा म्हणूनच स्वीकारावी लागते. पायाखाली ठाम जमीन लागते ती सातव्या शतकाच्या उत्तरार्धात. ६७२ च्या वारसायुद्धात तेन्मू याने मार्गावरील एका नदीकाठावरून सूर्यदेवतेला दुरूनच वंदन केले, युद्ध जिंकले आणि सत्तेवर येताच आपली कन्या राजकुमारी ओकू हिची इसेच्या सेवेसाठी नेमणूक केली. अविवाहित राजकन्येने देवतेच्या सेवेसाठी राजधानीपासून दूर राहावयाचे ही 'साइओ'ची प्रथा पुढे चौदाव्या शतकापर्यंत चालली. तेन्मूच्या पश्चात त्याची पत्नी सम्राज्ञी जितो हिच्या काळात, ६९० मध्ये, नाइकूची पहिली नियोजित पुनर्बांधणी झाली. दोन वर्षांनी गेकूची झाली. या विधीला 'शिकिनेन सेन्गू' म्हणतात.

या प्रारंभीच्या काळात सामान्य माणसाला इसेमध्ये स्थानच नव्हते. सम्राटाव्यतिरिक्त कोणीही खाजगीरीत्या देवतेला अर्पण करू नये असा निर्बंध होता. दहाव्या शतकातील 'एंगिशिकी' या नियमसंग्रहाप्रमाणे तो सम्राज्ञीला आणि युवराजालाही लागू होता; त्यांनाही परवानगीशिवाय काही अर्पण करता येत नसे. देवस्थान राजघराण्याचे होते आणि प्रार्थना राज्याची होती. विशेष म्हणजे स्वतः सम्राटही तेथे जात नसे. तो दूत पाठवीत असे.

दुसरा निर्बंध बौद्धांविषयीचा होता. ज्या दरबाराने बौद्ध विहार उभारले, त्याच दरबाराच्या या देवस्थानात बौद्ध धर्माचे नावही उच्चारावयाचे नसे. राजकन्येच्या निवासात त्यासाठी पर्यायी शब्द ठरवून दिलेले होते. बुद्धाला 'मधला', धर्मग्रंथाला 'रंगीत कागद', विहाराला 'कौलारू घर' आणि मुंडन केलेल्या भिक्षूला चक्क 'लांब केसांचा' म्हणावयाचे. भिक्षू आणि भिक्षुणी यांना देवालयासमोर येण्याची मुभा नव्हती. दुरून वंदन करण्यासाठी त्यांना वेगळी जागा होती.

तरीही भिक्षू येत राहिले. कवी साइग्यो ११८० मध्ये इसेजवळच्या फुतामी येथे राहावयास आला. नारा येथील जळालेल्या तोदाइजी विहाराच्या पुनर्बांधणीसाठी झटणारा चोगेन ११८६ मध्ये येथे प्रार्थनेसाठी आला. या निर्बंधाची व्याप्ती किती होती हे पुढे बाशोच्या अनुभवावरून कळते. हा कवी १६८४ मध्ये इसेला गेला तेव्हा तो भिक्षू नव्हता. परंतु डोक्यावर केस नसल्यामुळे त्याची गणना भिक्षूंतच झाली आणि त्याला देवतेसमोर जाऊ दिले गेले नाही. हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे.

भिक्षुणींचे कार्य

इसेची परंपरा तेराशे वर्षे अखंड असल्याचे सांगितले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. पुनर्बांधणीचा खर्च प्रांतोप्रांतीच्या जमिनीवर बसविलेल्या विशेष करातून होत असे. पंधराव्या शतकातील यादवीत केंद्रीय सत्ता ढासळली आणि हा कर वसूल होईनासा झाला. गेकूची पुनर्बांधणी १४३४ नंतर थेट १५६३ मध्ये झाली. नाइकूची १४६२ नंतर १५८५ मध्ये झाली. म्हणजे अनुक्रमे १२९ आणि १२३ वर्षांचा खंड पडला. या काळात मुख्य देवालयांची तात्पुरती डागडुजी होत राहिली, लहान देवालये मोडकळीस आली. त्यातच नाइकूचे उजी आणि गेकूचे यामादा या दोन गावांत यात्रेकरूंच्या उत्पन्नावरून वैर पेटले. १४८६ मध्ये यामादाच्या लोकांनी गेकूच्या आवारात आश्रय घेतला असता झालेल्या संघर्षात गेकूचे मुख्य देवालयच जळाले. देवस्थानाची अशी विटंबना परक्या शत्रूने नव्हे, तर त्याच्याच सेवेकऱ्यांनी केली, ही गोष्ट त्याच्या गौरवपर इतिहासात क्वचितच ठळकपणे सांगितली जाते.

या अवस्थेतून देवस्थान सावरले ते बौद्ध भिक्षुणींमुळे. केइकोइन या मठपरंपरेतील शूएत्सू हिने लोकांकडून देणग्या गोळा करून उजी पूल बांधविला. तिच्या परंपरेतील सेइजुन ही देशभर फिरली आणि तिने जमविलेल्या निधीतून १५६३ मध्ये गेकू पुन्हा उभे राहिले. तिची उत्तराधिकारी शूयो हिने हे काम पुढे नेले. ओदा नोबुनागा आणि त्यानंतर तोयोतोमी हिदेयोशी यांच्याकडून तिने साहाय्य मिळविले आणि १५८५ मध्ये दोन्ही देवालयांची पुनर्बांधणी एकाच वर्षी पार पडली. दोन्ही देवालये एकाच वर्षी नवी करण्याचा प्रघात तेथून पडला. ज्यांना पडद्यासमोरही उभे राहता येत नव्हते, त्या स्त्रियांनी पडद्यामागची वास्तू परत मिळवून दिली.

त्यांना मिळालेले फळ मात्र फार काळ टिकले नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शोगुनच्या शासनाने पुनर्बांधणीचा कारभार आपल्या हाती घेतला आणि भिक्षुणींचा त्यातील सहभाग संपुष्टात आणला. १८६९ मध्ये केइकोइन मठच बंद झाला. त्याची वास्तू आज देवस्थानाच्या प्रमुख पुरोहिताचे, म्हणजे 'साइशू'चे, निवासस्थान म्हणून वापरात आहे.

ओशी, गावमंडळे आणि पळून जाणारे यात्रेकरू

राजघराण्यापुरते असलेले देवस्थान सर्वसामान्यांचे कसे झाले, याचे उत्तर कोणत्याही फर्मानात सापडत नाही. राज्याकडून येणारे उत्पन्न आटू लागले तसे देवस्थानाचे कनिष्ठ पुरोहित गावोगाव फिरू लागले. त्यांना 'ओशी' म्हणत. तीर्थोपाध्यायांप्रमाणे प्रत्येक ओशीची यजमान घराणी ठरलेली असत आणि त्यांच्या नोंदवह्यांची वारसाहक्काने जपणूक व प्रसंगी खरेदी-विक्रीही होई. दरवर्षी ओशी किंवा त्याचा माणूस यजमानाच्या गावी जाऊन देवतेचा ताईत आणि इसेचे पंचांग देई. यजमान इसेला आला की तो ओशीच्याच वाड्यात उतरे. तेथे त्याला रेशमी अंथरूण, समुद्रातील मासळीचे भोजन आणि देवतेपुढील नृत्य असा थाट अनुभवावयास मिळे. डोंगराळ भागातील शेतकऱ्याच्या आयुष्यात असे दिवस एकदाच येत. सम्राटाशिवाय कोणी अर्पण करू नये हा नियम कोणी रद्द केला नाही. यजमानांनी दिलेले द्रव्य ओशी स्वीकारी आणि त्यांच्या वतीने प्रार्थना करी, एवढेच. नियम जागेवर राहिला आणि माणसे त्याच्या बाजूने निघून गेली.

प्रवासखर्च एकट्याला झेपण्यासारखा नसल्याने गावोगाव 'इसे-को' नावाची मंडळे स्थापन झाली. सभासद ठराविक वर्गणी भरीत आणि चिठ्ठ्या टाकून ज्याचे नाव निघेल त्याला सर्वांच्या वतीने पाठवीत. तोकुगावा राजवटीत शेतकऱ्याला गाव सोडण्यास परवाना लागे, स्त्रियांना नाक्यांवर विशेष अडविले जाई. पण इसेची यात्रा हे कारण अधिकाऱ्यांना सहसा नाकारता येत नसे. त्यामुळे ही यात्रा प्रवासाचे सर्वमान्य निमित्त बनली. धर्मभावना किती आणि घराबाहेर पडण्याची ओढ किती, याचे मोजमाप करणे व्यर्थ आहे. यात्रेकरूंनी स्वतःही ते केलेले दिसत नाही. दोन देवालयांमधील रस्त्यावर फुरुइची ही वस्ती होती. ती देशातील मोठ्या कलावंतिणींच्या वस्त्यांपैकी एक गणली जाई. त्याच मार्गावर ओसुगी आणि ओतामा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादक स्त्रिया शामिसेन वाजवीत बसत. यात्रेकरू त्यांच्या तोंडावर नाणी फेकीत आणि त्या वादन न थांबविता ती चुकवीत. हा खेळ यात्रेचा ठरलेला भाग होता.

परवानगीही न घेता निघून जाण्याला 'नुकेमाइरी' म्हणत. नोकर, मुले, सुना कोणाला न सांगता इसेची वाट धरीत. परत येताना त्यांच्याजवळ देवस्थानाचा ताईत असला की शिक्षा करू नये असा संकेत होता. हातात पाण्याची पळी ही अशा यात्रेकरूची खूण. तीच पुढे करून तो वाटेत अन्न मागे. ज्यांना जाणे शक्य नव्हते अशांनी गळ्यात पैशांची पिशवी बांधून आपला कुत्रा पाठविल्याच्याही नोंदी आहेत. हिरोशिगेने काढलेल्या मिया नदीच्या उतारावरील यात्रेकरूंच्या चित्रात असा एक कुत्रा दिसतो.

याच परंपरेतून सामूहिक यात्रांची लाट उसळली. तिला 'ओकागेमाइरी' म्हणजे कृपेची यात्रा असे नाव मिळाले. १६५०, १७०५, १७७१ आणि १८३० ही तिची प्रमुख वर्षे होत. साधारणतः साठ वर्षांचे हे अंतर पुढे लोकांच्याही लक्षात आले होते आणि त्या वर्षाची वाट पाहिली जाई. आकाशातून ताईत पडल्याची वार्ता एखाद्या गावात उठे आणि काही दिवसांत रस्ते माणसांनी भरून जात. इसेच्या वाटेवरील मात्सुसाका येथे राहणाऱ्या मोतोओरी नोरिनागा या विद्वानाने 'तामाकात्सुमा' या ग्रंथात १७०५ च्या यात्रेचा आकडा नोंदविला आहे. पन्नास दिवसांत ३६ लाख २० हजार माणसे. १८३० ची लाट शिकोकू बेटावरील आवा प्रांतातून निघाली आणि तिच्यातील यात्रेकरूंची संख्या चाळीस ते पन्नास लाखांच्या दरम्यान सांगितली जाते. हे आकडे अक्षरशः खरे मानण्याचे कारण नाही. त्या वेळी जपानची लोकसंख्या सुमारे तीन कोटी होती. निम्मे आकडे धरले तरी देखील असे स्थलांतर कोणत्याही शासनाला थोपविता आले नसते. वाटेवरच्या धनिकांनी अन्न, वहाणा आणि मुक्कामाची सोय केली. काहींनी भक्तीने, काहींनी घर लुटले जाईल या भीतीने. १८३० च्या लाटेनंतर यामातो आणि कावाची भागातील गावांत सामूहिक नृत्ये झाली, आणि काही ठिकाणी त्यांना खंडात सूट मिळावी या मागणीची जोड मिळाली. कृपेच्या यात्रेचा शेवट जमीनदाराच्या दारात व्हावा, ही गोष्ट इतिहासकाराने दृष्टीआड करण्यासारखी नाही.

१८६८ नंतर

मेइजी सत्तांतरानंतर नव्या शासनाला जनतेचे इसे नको होते. राज्याचे इसे हवे होते. मार्च १८६९ मध्ये सम्राट मेइजी याने देवस्थानाला स्वतः भेट दिली. सम्राज्ञी जितो ६९२ मध्ये इसे प्रांतात गेल्याची नोंद आहे, परंतु देवस्थानात जाऊन वंदन केल्याची नाही. म्हणजे ज्या विधीला आज अतिप्राचीन समजले जाते, त्या सम्राटाच्या यात्रेचा आरंभ एकोणिसाव्या शतकातील आहे. सम्राट येण्यापूर्वी आणि त्यानंतर उजी व यामादा येथील अनेक बौद्ध विहार बंद करण्यात आले.

१८७१ मध्ये ओशींची व्यवस्था रद्द झाली. एका आदेशासरशी शेकडो घराण्यांचा व्यवसाय, वाडे आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदवह्या निरर्थक ठरल्या. नाइकूच्या आराकिदा आणि गेकूच्या वाताराई या पुरोहित घराण्यांचे वंशपरंपरागत अधिकारही गेले. गेकू हे नाइकूच्या तोडीचे, किंबहुना काकणभर सरस, असा यामादाच्या पुरोहितांचा शतकानुशतकांचा दावा होता. तोही निकालात निघाला आणि नाइकूचे श्रेष्ठत्व शासनाने निश्चित केले. प्रत्येक देवालयाच्या आवारात रांगेने उभ्या असलेल्या छोट्या देवळ्यांना नाणी वाहत फिरण्याची लोकप्रिय प्रथा बंद पडली. १८८० च्या दशकात उजी पुलापलीकडील घरे हटवून त्या जागी उद्यान करण्यात आले. यात्रेकरू आज ज्या गंभीर शांततेने भारावून जातो, ती पुष्कळ अंशी या साफसफाईतून निर्माण झालेली आहे. दोन नमस्कार, दोन टाळ्या, एक नमस्कार हा क्रमही याच काळातील विधिनियमनातून सर्वत्र रूढ झाला.

देवतेच्या किती जवळ जावे हा प्रश्न आता राजकीय झाला. शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी १८८७ मध्ये इसेला गेला असता त्याने हातातील काठीने पडदा बाजूला सारला, असे वृत्त पसरले. तेथे नेमके काय घडले याविषयीची कथने एकमेकांशी जुळत नाहीत. परंतु ११ फेब्रुवारी १८८९ रोजी, नवी राज्यघटना जाहीर होण्याच्या दिवशीच, निशिनो बुंतारो या तरुणाने मोरीवर सुऱ्याने वार केले आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. पडद्याच्या अपमानाचा सूड हे कारण मारेकऱ्याने दिले होते. पळी घेऊन घरातून पळालेल्या पोराला जी देवता क्षमा करीत होती, तिच्या नावाने साठ वर्षांनी मंत्र्याचा खून व्हावा, एवढे अंतर या दोन काळांत पडले होते.

पुढे पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात शालेय सहली आणि युद्धकाळात विजयाच्या प्रार्थना यांतून इसेची यात्रा नागरिकाचे कर्तव्य बनली. पराभवानंतर १५ डिसेंबर १९४५ च्या आदेशाने शासन आणि शिंतो यांची फारकत झाली. सरकारी पैसा थांबल्याने १९४९ ची पुनर्बांधणी पुढे ढकलावी लागली आणि ती लोकवर्गणीतून १९५३ मध्ये झाली. उजी पूल मात्र १९४९ मध्येच नवा करण्यात आला. तेव्हापासून पूल देवालयाच्या चार वर्षे आधी बांधला जातो. अलीकडचा २००९ चा आहे. त्यानंतरची बासष्टावी पुनर्बांधणी २०१३ मध्ये झाली. तिचा खर्च सुमारे ५,५०० कोटी येन होता आणि त्या एका वर्षात १ कोटी ४२ लाख लोक इसेला आले. देवालयाचे जुने खांब वाया जात नाहीत. मुख्य देवालयांच्या दोन्ही टोकांचे भव्य स्तंभ उजी पुलाच्या दोन तोंडांशी तोरी म्हणजे कमानी म्हणून उभारले जातात आणि आणखी वीस वर्षांनी ते जुन्या यात्रामार्गावरील सेकी आणि कुवाना या ठिकाणी जातात.

चार कुंपणांच्या आत सामान्य माणसाचे पाऊल पडण्याचा प्रसंग वीस वर्षांतून एकदा येतो. नवे देवालय बांधून पुरे झाले की इसेचे रहिवासी मिया नदीतून वेचलेले पांढरे गोटे गाड्यांवर घालून ओढत आणतात आणि ते देवालयाभोवतीच्या अंगणात आपल्या हातांनी अंथरतात. २०१३ च्या उन्हाळ्यात देशाच्या इतर भागांतील लोकांनाही नाव नोंदवून या कामात भाग घेता आला. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला एकेक गोटा हातात धरून माणसे पडद्याच्या आत गेली, कोऱ्या हिनोकी लाकडाची वास्तू त्यांनी पाहिली, गोटा ठेवला आणि ती बाहेर आली. देवता तोपर्यंत शेजारच्या जुन्या देवालयातच होती. ऑक्टोबरमधील एका रात्री, दिवे मालवून, ती नव्या देवालयात नेण्यात आली आणि अंगणाचे दार बंद झाले. पुढची पुनर्बांधणी २०३३ मध्ये आहे. तिच्यासाठी लागणाऱ्या लाकडाचे विधी २०२५ मध्ये सुरू झाले आहेत.